भूतान: त्शेचू पाहून आलात? अनुभव सांगा

पुढच्या वसंतात भूतानमधल्या पारो गावचा त्शेचू, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा बौद्ध धार्मिक उत्सव, पाहायचं घाटतंय. सोबत सत्तरीच्या सासूबाई आणि दहा वर्षांची लेक. टूरवाले नुसतं 'स्थानिक उत्सव' म्हणून मोकळे होतात. कागद, जेवण, मुखवट्यांचे नाच, जे पाहिलंत-सोसलंत ते सविस्तर लिहा.

*

ताई, विमान नंतर, आधी तारीख पक्की करा. उत्सव त्यांच्या चांद्र पंचांगावर चालतात. पारोचा मार्च-एप्रिलच्या सुमारास, थिंफूचा सप्टेंबर-ऑक्टोबरला. पारोचा शेवटचा दिवस अजिबात चुकवू नका. पहाटे अंधारातच निघा. भूतानी लोक ज्यांना दुसरा बुद्ध मानतात त्या गुरू पद्मसंभवांचं प्रचंड थोंगड्रोल, म्हणजे कापडावरचं चित्र, भिंतभर उलगडतात आणि ऊन पडायच्या आत गुंडाळतात. नुसत्या दर्शनाने पापं फिटतात ही श्रद्धा. म्हाताऱ्या बायका रांगेने येऊन त्याच्या खालच्या कडेला कपाळ टेकवत होत्या. मीही टेकवलं. थंडीने बोटं आखडली होती, पण पुन्हा जायला मिळालं तर त्याच पहाटेसाठी जाईन.
(सांगली)

*

आधार कार्ड चालत नाही! पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. लेकीचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला घ्या. भारतीयांना शाश्वत विकास शुल्क, म्हणजे तिथलं सरकार पर्यटकांकडून घेतं ते शुल्क, माणशी एका रात्रीला १२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. हॉटेल वेगळं. तिथलं चलन न्गुलट्रम आणि आपला रुपया एकाच भावाचे. घड्याळ अर्धा तास पुढे करा.
(डोंबिवली)

*

लेकीला अत्सारा फार आवडतील. लाल मुखवटे घातलेले हे विदूषक आपल्या तमाशातल्या सोंगाड्यासारखे प्रेक्षकांत घुसून चावट चेष्टा करतात. तरी नाचणारे बरेचदा भिक्षू असतात आणि नाच ही पूजाच असते, हे मुलांना आधी समजावून ठेवा. फोटोसाठी मैदानात शिरणारे पाहुणे पाहून मला खरंच वाईट वाटलं. झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठात, पूर्ण बाह्या, लांब पँट, टोपी काढलेली. देवळाच्या गाभाऱ्यात कॅमेरा बंद.
(नाशिक)

*

शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेली मिरची, आणि मिरची तिथे मसाला नव्हे, भाजीच! लेकीसाठी बटाट्याची केवा दात्शी आणि लाल भात मागवा.
(पुणे)

*

सासूबाईंना तक्त्सांगला, म्हणजे पारोजवळच्या कड्यावरच्या मठात, नेण्याचा आग्रह धरू नका. मठ ३,००० मीटरच्या वर आहे. घोडा मिळाला तरी तो चढतानाच आणि वाटेतल्या कॅफेटेरियापर्यंत, पुढे शेकडो पायऱ्या स्वतः चढा-उतरायच्या. माझी आई पारोजवळच्या क्यिचू ल्हाखांगमध्ये रमली. देऊळ सातव्या शतकातलं आणि सपाटीवर. तिथल्या आज्यांबरोबर प्रार्थनाचक्रं फिरवत तिने प्रदक्षिणा घातल्या, भाषा येत नसून दोघी-तिघींशी ओळखही केली. आणि दिल्लीहून विमानाने जाणार असाल तर डावीकडची खिडकी मागून घ्या, हिमशिखरं त्या बाजूला दिसतात.
(बेळगाव)