प्लास्टिकच्या जबड्यावर दात काढायला शिकता येतं म्हणे!

तिसरं_मूळ
काल एका पोस्टमध्ये वाचलं: "कुत्र्यामांजरांच्या दंतकामासाठी प्रात्यक्षिक कार्यशाळा म्हणजे पैशांचा चुराडा. चार व्हिडिओ बघा, प्लास्टिकच्या जबड्यावर हात फिरवा, बाकीचं टेबलावर जमतं." दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा.

कुत्र्याची १०८ घ्या, म्हणजे वरची उजवी चौथी उपदाढ. मुळं तीन, म्हणजे तुकडेही तीन. बर (दात कापणारं फिरतं टोक) फर्केशनपासून, म्हणजे मुळं जिथे फुटतात तिथून, सुरू करून मुकुटाच्या (दाताच्या हिरडीबाहेरच्या भागाच्या) टोकाकडे न्यायचा. टोकाकडून खाली आलात की फर्केशन हमखास चुकतं. मग तुकड्यांच्या फटीत हत्यार घालून हलकं फिरवायचं. दोन्ही तुकडे वेगवेगळे हलले तरच काप पूर्ण. त्यानंतर मुळाच्या कडेने लक्सेटर (दात सैल करायचं हत्यार) घालून पीळ द्यायचा आणि १० ते ३० सेकंद तसाच धरायचा. लिगामेंट, म्हणजे मुळाला हाडाशी बांधणारे तंतू, झटक्याने तुटत नाही, ते थकवावं लागतं. प्लास्टिकच्या जबड्यात लिगामेंटच नाही, मग थकवणार काय? तिथे मनगटाला झटक्याची सवय लागते आणि खऱ्या तोंडात मुळाचं टोक आतच मोडतं.

बर_७०१
लिगामेंटचं मान्य. पण कार्यशाळेतलं मेलेल्या प्राण्याचं, गोठवून वितळवलेलं डोकं तरी कुठे जिवंत असतं? रक्त नाही, त्यामुळे फ्लॅपखाली (कापून उचललेल्या हिरडीखाली) सगळं लख्ख दिसतं. भूल किती वेळ चालली आहे याचा ताण नाही. वर एका शिक्षकामागे वीस जण! त्यापेक्षा मॉडेलवर एक्स-रेचे कोन शंभर वेळा बसवता येतात. खालच्या मागच्या दाढांना समांतर पद्धत (सेन्सर, म्हणजे तोंडातली एक्स-रेची पट्टी, दाताला समांतर), बाकी बहुतेक ठिकाणी दात आणि सेन्सरमधला कोन दुभागून. किरण सेन्सरला काटकोनात टाकलात तर मूळ आखूड दिसतं, दाताला काटकोनात टाकलात तर लांब. दुपारची नि संध्याकाळची सावली, दुसरं काय. याला मेलेलं डोकं कशाला हवं?

तिसरं_मूळ
वीस जणांमागे एक शिक्षक असेल तर ती कार्यशाळा नव्हे, प्रवचन. तेवढं तुमचं खरं. पण फ्लॅपचं काय? उभे छेद दिले, हिरडी उचलली, तरी ती खाली ओढून आणताना ताण राहतोच. फ्लॅपच्या तळाशी आतून पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) कापलं की ती एकदम सैल पडते. तो 'सुटला' हा क्षण बोटांना कळावा लागतो. टाका न घालता फ्लॅप जागेवर पडून राहिला तरच शिवायचं. ओढून शिवलेला फ्लॅप काही दिवसांत उघडतो. प्लास्टिकमध्ये हे कळेल?

धारवाले
माफ करा, पण वर "लक्सेटरने पीळ" लिहिलंय ते वाचून चहा सांडला. लक्सेटर पिळायचा नसतो! पातं पातळ असतं. मुळाला समांतर ठेवून हलकं डोलवत लिगामेंटच्या फटीत दाबत न्यायचं. पीळ देणं एलिव्हेटरचं (दात उचकटायच्या दुसऱ्या हत्याराचं) काम. लक्सेटर पिळला की टोक वाकतं किंवा तुकडा पडतो. आणि दोन्हींना धार लागते. बोथट हत्यार जोर मागतं, जोर लावला की निसटतं. वरच्या मागच्या दाढांपाशी निसटलं तर पुढे थेट डोळा. म्हणून तर्जनी पात्यावर टोकाजवळ टेकवून ठेवायची.

बर_७०१
धार कार्यशाळेत शिकवतात का? नाही! प्रत्येक जण येतो, बोथट हत्यारांशी झगडतो आणि "दात घट्ट होता" म्हणत घरी जातो.

धारवाले
तेच तर! दगडावर तेलाचा थेंब, पात्याच्या उताराचा मूळचा कोन कायम ठेवून दोन-चार हलके फटके, निर्जंतुक करण्याआधी. कोन बदललात तर पात्याचा आकारच जातो. तपासायला सिरिंजचं प्लास्टिकचं टोपण घ्या: धार असेल तर पातं टोपणात रुततं, नसेल तर घसरतं. महिन्यातून एकदा धार लावणाऱ्यांनी दात काढण्याबद्दल बोलूच नये.

तिसरं_मूळ
बरं बाबा, "पीळ" एलिव्हेटरच्या खात्यात टाका. घाईत लिहिलं. धाग्याचं नाव बदलून "धार" ठेवू का?

मांजरपंथी
ठेवा, पण मांजराकडेही बघा. सगळे १०८ वर अडकलेत. मांजराचं इन्फ्राऑर्बिटल कॅनॉल (डोळ्याखालच्या हाडातला बोगदा) इतकं आखूड की कुत्र्याच्या सवयीने बधिर करायची सुई आत सारलीत तर डोळ्याला इजा. स्प्रिंगचा गॅग (तोंड उघडं ठेवायचं साधन) लावून जबडा ताणून ठेवलात तर डोळ्यांकडे रक्त नेणारी मॅक्झिलरी धमनी दबते आणि मांजर आंधळं होऊन उठू शकतं. कूस बदलताना श्वासनलिकेतली नळी सर्किटपासून (भुलेच्या यंत्राच्या नळ्यांपासून) सोडवली नाही तर श्वासनलिका फाटू शकते. यातलं एकही प्लास्टिकच्या जबड्यावर चुकून बघता येत नाही, आणि मेलेल्या डोक्यावरही नाही. तेव्हा दोन्ही पक्ष गप्प बसा.

बर_७०१
गप्प कसं बसणार? मांजरांत रिसॉर्प्शन (दात आपोआप विरघळणं) टाइप २, म्हणजे मूळ हाडात मिसळत जाणारं, असेल, लिगामेंट दिसत नसेल, पल्पचा (दाताच्या आतल्या गाभ्याचा) किंवा हिरडीखालचा आजार नसेल, स्टोमॅटायटिस (तोंडभर तीव्र सूज) नसेल, तरच मुकुट कापून मूळ ठेवता येतं. हा निर्णय एक्स-रेशिवाय घेताच येत नाही. म्हणजे पुन्हा माझाच मुद्दा.

मांजरपंथी
एक्स-रे वाचणं पडद्यावर शिकता येतं, मान्य. तो काढायला मॉडेल पुरतं, तेही मान्य. मुकुट कापल्यावर हाडाची कड बरने गुळगुळीत करून हिरडी ताण न देता शिवणं? ते पडद्यावर शिकून दाखवा.

तिसरं_मूळ
व्हिडिओवाल्यांना एवढं देतो: सिरिंजच्या टोपणावर धार तपासायला कार्यशाळा लागत नाही.

धारवाले
टोपण वापरलेल्या सुईचं घेऊ नका म्हणजे झालं.