यान हुसला राजाचं अभयपत्र होतं, तरी जाळलं कसं?

तळ्याकाठी

मागच्या महिन्यात कोन्स्टान्झला जाणं झालं, जर्मनीत अगदी स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून आहे. तळ्याच्या काठावर व्यापाऱ्यांचं एक भलंमोठं जुनं गोदाम आहे, त्यात नोव्हेंबर १४१७ मध्ये कार्डिनल वगैरे मंडळींना आत कोंडून नवा पोप निवडायला लावला होता. त्याआधी १३७८ पासून चर्चमध्ये फूट पडलेली, आधी दोन पोप आणि १४०९ नंतर तर तीन. ती फूट मिटवायला ही धर्मपरिषद १४१४ ते १४१८ भरली आणि तिने खरंच पोपला पदावरून काढलं, केवढी हिंमत म्हणायची! आणि त्याच लोकांनी ६ जुलै १४१५ ला बोहेमियाच्या (आताच्या चेक देशातल्या) यान हुस या प्रवचनकाराला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं. त्याची आठवण म्हणून आता एक मोठा धोंडा ठेवलाय, त्यावर त्याचं आणि पुढच्या वर्षी जाळलेल्या प्रागच्या जेरोमचं नाव आहे. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय की हुस तरी असं काय वेगळं म्हणत होता? धर्मगुरूंनी पैसे खाऊ नयेत, पदं विकू नयेत, हे तर परिषदेतले कितीतरी जण स्वतःच म्हणत होते ना. आणि त्याच्याकडे जर्मनीचा राजा सिगिस्मुंड याचं अभयपत्र होतं, त्याचं काय झालं? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, मोठा प्रतिसाद चालेल.

जुनी_दप्तरं

परिषदेची त्या वेळची अवस्था बघितली की बरंच उलगडतं. ज्याने ही परिषद बोलावली तो तेविसावा जॉन, तीन पोपांपैकी एक, त्यालाच मार्च १४१५ मध्ये कळून चुकलं की आपलीही गच्छंती होणार, तर तो वेष पालटून पळाला. पोपच नाही म्हटल्यावर परिषद तिथल्या तिथे मोडायची वेळ आली, तेव्हा ६ एप्रिलला त्यांनी ठराव केला की आम्हाला अधिकार थेट ख्रिस्ताकडून मिळालाय आणि पोपनेही आमचं ऐकलं पाहिजे. २९ मे ला जॉनला पदावरून काढलं. आणि हुसची जाहीर सुनावणी कधी, तर ५, ७ आणि ८ जूनला. म्हणजे इतकं मोठं धाडस करून आठवडा होत नाही तोच हा माणूस समोर उभा. पोपला काढणारे आपण स्वतः पाखंडी नाही, धर्माचे खरे राखणदार आहोत, हे त्यांना सगळ्या युरोपला दाखवायचं होतं.

आणि हुस काय म्हणत होता? खरं चर्च म्हणजे देवाने निवडलेल्या लोकांचा समुदाय, त्याचा प्रमुख ख्रिस्त, आणि पापात बुडालेला पोप हा नावापुरता पोप. १४१२ मध्ये पोपच्या दरबाराने त्याला बहिष्कृत केलं तर त्याने सरळ ख्रिस्ताकडे अपील केलं होतं. हे एकदा मान्य केलं की परिषदेच्या हुकमालाही कोणीही उद्या म्हणेल, मला नाही पटत. पैसे खाणाऱ्यांवर टीका केली म्हणून कोणी जळत नव्हतं, अधिकार कुणाचा यावर बोट ठेवलं की जळायचा.

८ जूनचा एक प्रसंग आहे, हुसबरोबर गेलेल्या म्लादोन्योवित्सेच्या पेत्रने तो लिहून ठेवलाय. सुनावणी चालू, सिगिस्मुंड तिकडे खिडकीशी कुणाशी तरी बोलतोय. इकडे हुसच्या लिखाणातलं वाक्य वाचलं जातं की पोप किंवा बिशप घोर पापात असेल तर तो खरा पोप-बिशप नव्हे. हुस म्हणतो, हो, आणि राजाही तसाच असेल तर देवापुढे तो राजा नव्हे. बिशप लगेच राजाला बोलावून आणतात आणि हुसला म्हणतात, पुन्हा म्हण. तो म्हणतो! पिएर दाय्यी नावाचा कार्डिनल, जो स्वतः सुधारणावाल्यांचा पुढारी होता, त्याने लगेच विचारलं की धर्मगुरूंना खाली ओढलंस तेवढं पुरलं नाही का, आता राजांनाही ओढतोस? माझ्या मते हुसचा राजकीय निकाल तिथेच लागला, कारण ज्याच्या भरवशावर आला होता तो माणूसही त्या क्षणी समोरच्या बाजूला गेला.

विल्तावा

राजा समोरच्या बाजूला जूनमध्ये गेला हे नाही पटत. हुस ३ नोव्हेंबर १४१४ ला पोचला आणि २८ तारखेला अटकही झाली, तेव्हा राजा गावात आलेलाच नव्हता, तो नाताळात आला. आल्यावर चिडला, सोडा म्हणाला, पण कार्डिनल म्हणाले की असं असेल तर परिषदच उठते. परिषद हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव होता, तर जानेवारीत त्याने सांगून टाकलं की धर्माच्या बाबतीत मी मध्ये पडणार नाही. झालं, अभयपत्राचा तिथेच कागद झाला. कायदेपंडितांचं म्हणणं असं की ते पत्र वाटेत कुणी दगाफटका करू नये म्हणून होतं, धर्मन्यायालयाच्या निकालापासून वाचवायला नव्हतं. पण ज्याला ते द्यायचं कबूल केलं तो काय समजून घरातून निघाला होता? सुखरूप जाईन, माझं म्हणणं मांडीन आणि परत येईन. म्हणजे शब्द मोडलाच.

आणि शेवटच्या सुनावणीनंतर, हुसला बाहेर नेल्यावर, हाच राजा बिशपांना सांगत होता की याने माफी मागितली तरी विश्वास ठेवू नका, बोहेमियात जाऊन पुन्हा तेच करेल. ते ऐकायला जवळच हुसचे सोबती उभे होते, क्लुमचा यान, दुबाचा वात्स्लाव आणि तोच पेत्र. ही गोष्ट बोहेमियात पोचली आणि लोकांनी ती विसरली नाही.

तळ्याकाठी

बापरे, हे शेवटचं माहीतच नव्हतं. पण बोहेमियात एका प्रवचनकारासाठी अख्खा देश का पेटला? जाळलेले पाखंडी तर युरोपात आधीही होते.

विल्तावा

कारण तो एकटा नव्हताच. प्रागमधलं बेथलेहेम चॅपल खास चेक भाषेतल्या प्रवचनांसाठी १३९१ मध्ये बांधायला घेतलेलं, हुस तिथे १४०२ पासून बोलायचा, म्हणजे दहा वर्षं लोक त्याला ऐकत होते, कारागीर, बायका, दरबारातले सरदार, राणी सोफियासुद्धा. मग युनिव्हर्सिटीचं भांडण. तिथे चार गटांना एकेक मत होतं, त्यातले तीन गट बहुतेक जर्मन. १४०९ मध्ये बोहेमियाचा राजा वेन्सेस्लास याने उलटं केलं, चेक लोकांना तीन मतं आणि बाकी सगळ्यांना मिळून एक. जर्मन मास्तर आणि विद्यार्थी शेकड्यांनी निघून गेले, त्यांच्यातूनच लाइप्झिगची युनिव्हर्सिटी उभी राहिली, आणि हुस प्रागच्या युनिव्हर्सिटीचा रेक्टर, म्हणजे प्रमुख झाला. त्यामुळे कोन्स्टान्झला त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांत जुने हिशेब चुकते करायला आलेले प्रागचेच लोक होते.

आणि माफीपत्रं! तेविसाव्या जॉनला नेपल्सच्या राजाशी लढायला पैसे हवे होते, तर १४१२ मध्ये प्रागमध्ये पापमुक्तीची पत्रं विकायला काढली. त्यात वेन्सेस्लास राजाचाही हिस्सा. हुसने उघड विरोध केला, इथे राजाचं संरक्षण गेलं. तीन तरुणांनी चर्चमध्ये भर प्रवचनात आवाज उठवला तर त्यांची मुंडकी उडवली. लोकांनी त्यांची प्रेतं उचलून बेथलेहेम चॅपलमध्ये नेली. तेव्हा १४१५ च्या आधीच तिथे रक्त सांडलेलं होतं.

जुनी_दप्तरं

विल्तावा यांनी तारखा बरोबर दिल्यात, राजाचा हात जानेवारीतच सुटला होता हे मान्य. मी जूनचं म्हणालो ते तो नुसता गप्प बसायचा थांबून स्वतः जाळायला सांगायला लागला, त्या अर्थाने.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर १४१५ मध्ये बोहेमिया-मोराव्हियाच्या ४५२ सरदारांनी आपापल्या मोहरा लावून परिषदेला निषेधाचं पत्र पाठवलं. परिषदेने सामान्य लोकांना प्रसादाची वाईन द्यायला बंदी केली होती, तर तो वाईनचा प्यालाच हुसवाल्यांचं निशाण झाला. जुलै १४१९ मध्ये प्रागच्या नगरपालिकेच्या खिडकीतून अधिकाऱ्यांना खाली फेकलं, त्यानंतर काही आठवड्यांत वेन्सेस्लास वारला, आणि वारस कोण? त्याचा भाऊ, सिगिस्मुंड. ज्याने शब्द मोडला तोच आता राज्य मागायला आला. त्याने १४२० मध्ये पोपकडून धर्मयुद्ध पुकारवून सैन्य आणलं, प्रागजवळच्या विटकोवच्या टेकडीवर हुसवाल्यांचा सेनापती यान झिझ्काने मार दिला. तरी प्रागच्या किल्ल्यात त्याने मुकुट तेवढा घालून घेतला, राज्य काही मिळालं नाही. पुढची धर्मयुद्धंही अशीच गेली, १४३१ मध्ये दोमाझलित्सेला तर लढाईआधीच सैन्य पळालं. मग मात्र बासेलला भरलेल्या नव्या धर्मपरिषदेने हुसवाल्यांना बोलावलं आणि या वेळी अभयपत्र पाळलं, ते १४३३ मध्ये आले, बोलले आणि परतही गेले. १४३६ मध्ये तडजोड झाली, प्याला मिळाला, आणि सिगिस्मुंड ऑगस्टमध्ये प्रागमध्ये राजा म्हणून शिरला. डिसेंबर १४३७ मध्ये तो वारला.