जंगलात मशीन कुठे रुतेल हे सॅटेलाइटवरून कळतं का?

उमेओकर:
नमस्कार मंडळी, मी उत्तर स्वीडनमध्ये उमेओला मास्टर्स करतोय, प्रोजेक्ट फॉरवर्डरवर आहे, म्हणजे तोडलेले ओंडके उचलून रस्त्यापर्यंत आणणारी आठ चाकी गाडी, रिकामीच १८ टनांच्या आसपास आणि वर १४ टन लाकूड. मागच्या आठवड्यात साइटवर एक अशी बसली की मागची चाकं एक्सलपर्यंत आत, वरून बघितलं तर नुसतं हिरवंगार शेवाळ, काही संशयच येऊ नये. ओलावा शोधायला मी सेंटिनेल-१ या युरोपियन सॅटेलाइटचा रडार डेटा घेतला पण झाडीखाली कोरडं काय नि ओलं काय सगळं सारखंच दिसतंय. माझं कुठे चुकतंय?

नकाशावाला:
तुझं नाही चुकत, त्या सॅटेलाइटच्या रडारची, म्हणजे सी-बँडची लहर साधारण साडेपाच सेंमी, ती वरच्या फांद्यांवरूनच परत फिरते, जमिनीपर्यंत पोचतच नाही फारशी. लायडारची, म्हणजे विमानातून लेसर मारून मोजलेली जमिनीची उंची घे. ज्या ठिकाणी वरून ४ हेक्टरचं पाणी येऊन मिळतं तिथून ओढा सुरू होतो असं धरायचं आणि बाकीची जमीन त्या ओढ्यापेक्षा किती उंच आहे ते काढायचं, एक मीटरच्या आत असेल तर गाडी नेताना विचार कर. तुमच्या तिकडच्या कृषी विद्यापीठाचा ओलाव्याचा नकाशा २ मीटरचा तयारच आहे की.

शिरोळचा_ऊसवाला:
आमच्याकडं चिबड रानात उसाची ट्रॉली अशीच बसते, मग दोन ट्रॅक्टर लावून ओढायची. पण भावा, पाणी कुठं साठतं हे तर गावातलं पोरगंबी सांगंल, आज वाफसा आहे का नाही हे सांगतो का तुमचा नकाशा?

उमेओकर:
दादा, नेमकं तेच. ड्रायव्हर म्हणतो दलदलीतलं काम थंडीत, जमीन गोठल्यावरच. पण थंडी पडायच्या आधीच बर्फाचा थर बसला तर तो गोधडीसारखा पांघरला जातो आणि खाली मऊच राहतं.

नकाशावाला:
वाफसा नाही सांगत, ऊसवाल्यांचा मुद्दा बरोबर. जुगाड एवढाच की ४ हेक्टरचा आकडा कोरड्या दिवसांसाठी ठेव, ओल वाढली की १ वर आण, फारच ओलं असेल तर पाव हेक्टर, तेवढे ओढे नकाशावर वाढतात. आणि पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, किती खोल आहे ते लायडारला कळत नाही, त्यासाठी विमानातून मोजलेलं गॅमा रेडिएशन बघ, ओलं पीट ते शोषून घेतं म्हणून तिथे आकडा कमी येतो. निसार हा नासा-इस्रोचा रडार सॅटेलाइट जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटावरून गेलाय, त्याची एल-बँड लहर २४ सेंमी, बरीच खाली उतरते पण दाट झाडीत खोडांचाच सिग्नल मिसळतो, फार आशा नको लावू.

उमेओकर:
रात्री बसून चालवून बघितलं. गाडी बसली ती जागा ४ ला कोरडी दाखवतोय, १ ला बरोबर तिथूनच निळी रेघ गेलीय. त्या आठवड्यात चार दिवस पाऊस होता 🤦

शिरोळचा_ऊसवाला:
मग गाडी निघाली का न्हाई ते सांग आधी.

उमेओकर:
निघाली दादा, चाकांखाली फांद्या टाकून, दुसऱ्या गाडीने ओढून. चाकोऱ्या मात्र गुडघाभर पडल्यात.