दापोलीला शिफ्ट व्हायचं का? सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए ३०४: नमस्कार सगळ्यांना, विषय सोसायटीचा नाहीये त्यामुळे टाकू की नको करत होते पण टाकतेच. ह्यांना दापोलीच्या कृषी विद्यापीठात पोस्ट मिळालीये, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. आता घरात रोज तीच चर्चा, हे एकटे जातील की आम्ही सगळेच जायचं, म्हणजे मी, सातवीतली लेक आणि सासूबाई. आम्ही दापोली एकदाच बघितलीये, ती पण डिसेंबरात. इथे कुणी तिकडे राहिलंय का? फिरायला नाही, राहायला.

बी ६०१ काका: वा वा अभिनंदन!! पेढे कधी? जा बिनधास्त. समुद्र, ताजी मासळी, शुद्ध हवा, ना नाशिकसारखं द्वारका सर्कल-मुंबई नाक्याचं ट्रॅफिक. आम्ही कर्द्याला गेलो होतो, स्वर्ग आहे स्वर्ग

ए ७०२: काका तुम्ही दोन रात्री रिसॉर्टला होतात 😀

बी ६०१ काका: दोन रात्रीत माणसाला कळतं

सेक्रेटरी: अभिनंदन वहिनी. चर्चा चालू द्या, फक्त उद्या टाकी साफ करायचीये, सकाळी १० ते २ पाणी बंद, हा मेसेज वर वाहून जाऊ देऊ नका. मग दुपारी फोन येतात.

सी ५०३: ताई मी तिथेच शिकलोय, बीएस्सी ॲग्री. गाव भारी आहे. पण बी १०२ वाल्या काकू तिकडे बरीच वर्षं होत्या, त्यांना विचारा, हॉस्टेलवर राहणं आणि संसार करणं वेगळं

बी १०२ काकू: अगं आत्ता बघितला मेसेज, अभिनंदन गं. हो आम्ही राहिलो, आमच्या ह्यांची बँकेची बदली होती कॅम्पला, म्हणजे दापोलीच, जुनी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात, इंग्रजांची छावणी होती ना. मी सांगते सगळं पण लांब होईल हं. पहिली गोष्ट, दापोली समुद्रावर नाही. सगळ्यांना वाटतं खिडकी उघडली की लाटा. गाव वर पठारावर आहे, समुद्र खाली, लाडघर घ्या कर्दे घ्या मुरुड हर्णै घ्या, आठ-दहा ते पंधराएक किलोमीटर उतरून जायचं. सुरुवातीला दर रविवारी जातो आपण, मग महिन्यातून एकदा, मग पाहुणे आले की. नाशिकची माणसं तरी रोज कुठे रामकुंडावर जातात.

बी १०२ काकू: आणि एका अर्थाने ते बरंच आहे, कारण खाली किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या गेटपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळ्याला खारी हवा खाते, वर कॅम्पात तेवढं नाही. थंडी पण छान पडते, उगाच नाही मिनी महाबळेश्वर म्हणत

ए ३०४: हे माहीतच नव्हतं काकू. पावसाचं सांगा ना, सगळे पावसाचीच भीती घालतायत

सी ५०३: ताई आकड्यात सांगतो. आपल्या नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, दापोलीत ३५०० च्या आसपास. म्हणजे पाचपट, आणि तो सगळा जून ते सप्टेंबर. आम्ही हॉस्टेलला ओल्या जीन्स घालून लेक्चरला बसायचो, मुलांचं निभावतं

बी १०२ काकू: भीती पावसाची नाही गं, ओलीची आहे. पाऊस पडतो तो बघायला सुंदरच. पण कपडे वाळत नाहीत म्हणजे नाहीतच, दोरीवर तिसऱ्या दिवशी पण दमट, मग इस्त्रीने वाळवायचे तर लाईट नाही. कपाटातल्या पैठणीला बुरशी, चामड्याच्या चपला हिरव्या, मीठ पाझरतं, पापडांना पंख्याखाली ठेवा, मुलांच्या वह्यांची पानं मऊ होतात. उन्हाळ्यात आपण बेगमी म्हणून नुसतं धान्य भरतो, तिकडे सरपण, सुकी मासळी, मेणबत्त्या, सगळंच भरतात. मला पहिल्या पावसाळ्यात रडू यायचं खरंच, ऊनच दिसायचं नाही दिवसेंदिवस. पण जे गणपतीपर्यंत टिकतात ते मग पुढे टिकतात असं माझं निरीक्षण आहे. घर बघताना एवढंच बघ की भिंतींना ओल आहे का आणि पावसाचा झोत कुठल्या बाजूने मारतो. भाडं दोन हजाराने जास्त गेलं तरी चालेल.

ए ७०२: आणि लाईट किती जाते?

बी १०२ काकू: एवढी झाडं, एवढा वारा, फांदी पडली की तार तुटली. आणि निसर्ग वादळाचं तर विचारूच नका. ३ जून २०२०, आधीच लॉकडाऊन, त्यात ते श्रीवर्धन दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली मंडणगडला पण झोडपून गेलं. पत्रे कागदासारखे उडत होते. आंजर्ले केळशीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या, आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारात गेली लोकांची. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, मोबाईल बंद, नाशिकला माझ्या आईला कळेना आम्ही आहोत की नाही. पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते वादळ. पण शेजारच्यांनी आम्हाला घाटावरच्यांना एकटं पाडलं नाही, विहिरीचं पाणी, चुलीवरचा भात, सगळं वाटून खाल्लं. इन्व्हर्टर मात्र चांगला घे, तिथे काटकसर नको.

बी ६०१ काका: अशी वादळं रोज थोडीच येतात

बी १०२ काकू: नाही येत काका. पण नारळ लावला की फळाला सहा-सात वर्षं, सुपारीला पण तेवढीच. म्हणून तिकडच्या माणसाला ते रोज आठवतं.

ए ३०४: माझा खरा प्रश्न माझ्या नोकरीचा आहे. मी इथे नाशिकच्या अंबडला कंपनीत अकाउंट्स बघते, सोडली तर तिकडे काय?

सी ५०३: ताई खरं सांगू का, अवघड आहे. दापोलीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठ, सरकारी ऑफिसं, शाळा-कॉलेजं आणि टुरिस्ट. विद्यापीठ १९७२ चं, ॲग्री कॉलेज त्याच्याही आधीचं १९६५ चं, मग हॉर्टिकल्चर, फॉरेस्ट्री, इंजिनिअरिंग असं वाढत गेलं, त्यामुळे बीड परभणीपासून नगरपर्यंतची पोरं दिसतात आणि मेस झेरॉक्स चहावाले सगळे आमच्यावर चालायचे. सुट्ट्या लागल्या की संध्याकाळी त्या भागात शुकशुकाट. पण अकाउंट्सची नोकरी म्हणजे एखादी पतपेढी, हॉटेल, किंवा सीएकडे. एमआयडीसी म्हणाल तर खेडच्या पुढे लोटे परशुरामला, ती केमिकलची, आणि रोज दापोलीहून जाऊन येऊन कराल असं मला नाही वाटत. कंपनी वर्क फ्रॉम होम देत असेल तर फायबर आहे, फक्त जुलैतल्या मीटिंगला कॅमेरा चालू ठेवीन असं वचन देऊ नका 😀

बी १०२ काकू: हे त्याने बरोबर सांगितलं. माझं मत विचारशील तर दापोली नोकरीवाल्याला मानवते, शिकणाऱ्याला मानवते, रिटायर झालेल्याला पण ठीक. अडकते ती सोबत गेलेली बाई. मी इथे शिकवायचे, तिकडे पहिली दोन वर्षं नुसतं घर, आणि छोट्या गावात नवीन माणूस म्हणजे काय, भाजीवालीला पण माहीत की मॅनेजर साहेबांच्या घरी आज कोण आलं. नंतर शाळेत लागले आणि सगळंच बदललं, गावही आवडायला लागलं. म्हणून तू काही हातात घेऊनच जा, नुसती पाठोपाठ जाऊ नकोस. ह्यांना वाईट वाटलं तरी वाटू दे.

ए ३०४: काकू हे वाचून डोळ्यात पाणी आलं, घरात हे कुणी बोललंच नाही

ए ७०२: +१ काकूंना

बी ६०१ काका: बरं ते राहू दे, तिकडे प्लॉट काय भाव चाललेत? आम्हाला समुद्राजवळ छोटंसं घर बांधायचं डोक्यात आहे

सी ५०३: काका प्लॉट घेताना सातबारा नीट वाचा, कोकणात एका तुकड्यावर वीस-वीस नावं असतात, अर्धी मुंबईला, एक कुणीतरी सही द्यायला तयार नसतो. आणि समुद्राला लागून म्हणाल तर सीआरझेडचे नियम आहेत, भरतीरेषेपासून ठराविक अंतरात बांधकाम करता येत नाही. एजंट हे शेवटी सांगतो

बी ६०१ काका: म्हणजे नकोच म्हणायचं तर

सी ५०३: नको नाही, वकिलाला दाखवून घ्या. नाहीतर गच्चीसाठी विद्यापीठाच्या नर्सरीतून आंब्याचं कलम आणा, हापूस आणि नीलमचा संकर केलेला रत्ना, किंवा सिंधू, तिची कोय पापडासारखी पातळ. ह्या जाती विद्यापीठाच्याच, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातल्या. पावसाच्या तोंडाशी तिथे कलमांना गर्दी असते.

सेक्रेटरी: गच्चीत कुंड्या ठेवायला कमिटीची परवानगी लागते काका, मागच्या वेळी लीकेज कुठून आलं होतं आठवा

ए ३०४: लेकीच्या शाळेचं काय, आणि खाण्याचं? आम्ही शाकाहारी, तिकडे सगळं मासळीवर असतं ना

बी १०२ काकू: शाकाहारी असलीस तरी उपाशी नाही राहत, मार्चमध्ये ओले काजूगर, मग फणसाची भाजी, कुळथाची पिठी, पावसात रानभाज्या, फक्त आपल्याकडे टोमॅटो कोथिंबीर पोत्याने बघायची सवय आहे ना ती मोडते. भाजी बरीचशी घाटावरून येते, पावसात गाडी अडकली की गवारी बघून पण आनंद होतो. द्राक्षं तर विसरच. मासे खाणाऱ्यांची मजा हर्णैला, संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यात सुकटीवर. आणि हसशील, एवढा पाऊस पडून एप्रिल-मे मध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर. जांभ्या दगडातून पाणी सरळ खाली निघून जातं, थांबतच नाही. घराला विहीर किंवा बोअर आहे का, आणि मे मध्ये त्याला पाणी असतं का, हे मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारायचं.

बी १०२ काकू: शाळा चांगल्या आहेत, शिकवणारे मनापासून शिकवतात, साने गुरुजी शिकलेलं गाव आहे ते. दहावीपर्यंत काळजी करू नको. नंतर आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडसारखे जेईई नीटचे क्लासेस पाहिजेत म्हणालीस तर ते वातावरण नाही, अकरावीला बरीच मुलं पुण्या-मुंबईला जातात. माझी मुलगी मात्र तिथे झाडावर चढायला शिकली, फुरसं ओळखायला शिकली. हो फुरशी असतात, पावसात बॅटरी घेतल्याशिवाय अंगणात जायचं नाही, एवढं शिकवून ठेव.

ए ७०२: साप पण?? मी तर नाही बाबा जाणार

बी ६०१ काका: तुम्हाला कुणी बोलावलंय 😀

सी ५०३: शनिवार-रविवारचं पण सांगा काकू, ३१ डिसेंबरला तर गावातल्या माणसाला दुधाला जायची पंचाईत. आपल्यासारखेच सगळे येतात, वाळूत गाडी घालतात, भरती आली की ट्रॅक्टर शोधतात. ताई तुम्ही डिसेंबरात बघितलीत ना, ते दापोलीचं आठ-दहा दिवसांचं रूप आहे, त्यावर काही ठरवू नका

बी १०२ काकू: ते खरं. आणि गणपती शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा गाव खरं जिवंत होतं, पालख्या नाचतात. इतर वेळी वाड्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं. घरं बंद असतात पण भाड्याने देत नाहीत, कारण गणपतीला मालक येणार. तुला गावातच बघावं लागेल.

ए ३०४: आणि नाशिकला यायचं झालं तर? माझे आईवडील पंचवटीत आहेत

सी ५०३: गाडीने आठ-नऊ तास धरा, कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाट वाचतो एवढंच. रेल्वेने ठाण्याला बदलायचं, मग खेडला उतरायचं, तिथून पाऊणएक तास वर दापोली. कोकणकन्या खेडला मध्यरात्रीनंतर कधीतरी उतरवते, बाहेर रिक्षा असली तर असली. गणपतीत तिकीट विसरा. एका वीकेंडला जाऊन येऊ असं होत नाही ताई, हाच मला मोठा तोटा वाटला

ए ३०४: सासूबाई मागे बसून सगळं वाचतायत, त्यांचं म्हणणं साप बीप राहू दे, डॉक्टरचं विचार. त्यांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे.

बी १०२ काकू: त्यांना माझा नमस्कार सांग. रोजचं सगळं गावात होतं, उपजिल्हा रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टर चांगले आहेत आणि नाशिकपेक्षा जास्त वेळ बोलतात. मोठं काही झालं, हार्टचं वगैरे, तर चिपळूणकडे डेरवणच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, पावसात दोन तास धर, नाहीतर सरळ पुणे-मुंबई. त्यांची ह्या दोन वर्षांत ॲडमिट व्हायची वेळ आली असेल तर मी म्हणेन आधी ह्यांनी एकट्याने जावं आणि तुम्ही दिवाळीनंतर ठरवा. तशी नसेल आली तर न्या. इन्सुलिनचं म्हणशील तर लाईट गेली की फ्रिज उघडायचाच नाही, आणि जास्त वेळ गेली तर डबीत घट्ट बंद करून ओल्या माठात ठेवायचं, बर्फात नको. आमच्या शेजारच्या आजींनी वादळात तसंच सांभाळलं.

ए ३०४: ॲडमिट नाही झाल्या कधी. त्या म्हणतायत हे जॉइन झाले की जुलैत आपण सगळे आठ दिवस जाऊन राहू, मग बघू

सी ५०३: जुलैच बरोबर. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते, रेनकोट न्या. आणि शुक्रवारी रात्री निघू नका, पुढे सगळे टुरिस्ट असतात

बी ६०१ काका: गाडीत एक सीट रिकामी आहे का? मला तो सातबारा बघायचाच आहे

सेक्रेटरी: काका आधी उद्याचं पाणी भरून ठेवा. १० ते २ बंद.