मदत हवी आहे : रस्ता वर चढला, घर खाली राहिलं. वस्ती सुधारच्या कामाची तक्रार नेमकी कुठे करायची?

कवेलू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं गाव वर्धा-यवतमाळ पट्ट्यातलं, तालुक्याचं ठिकाण. नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे गाववाले असतील. २०१५ पर्यंत ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, १७ नगरसेवक आले, पाटी बदलली. बाकी आठवडी बाजार तोच, जिनिंगसमोरची कापसाच्या गाड्यांची रांगही तीच.

आमचा पुरा, म्हणजे आमची वस्ती, आजोबांच्या काळात गावाबाहेर होता. गाव वाढत वाढत आमच्या पलीकडे गेलं आणि आम्ही आपोआप मधोमध आलो. एका बाजूला बाजाराची ओळ, दुसऱ्या बाजूला नाला, पलीकडे नवीन लेआउट. साठेक घरं, बहुतेक मातीच्या भिंती नि वर कवेलू किंवा टिनं. गल्ली इतकी अरुंद की ॲम्ब्युलन्स विहाराजवळच थांबते, पेशंटला तिथवर खाटेवर न्यावं लागतं.

आता मुद्दा. निधी येत नाही अशी माझी तक्रार नाही. निधी येतो, दर चार-पाच वर्षांनी येतो, आणि दरवेळी त्याचा सिमेंट रस्ता होतो. ग्रामपंचायतीच्या काळात एक झाला. नगरपंचायत झाल्यावर त्याच्यावर दुसरा. मागच्या मार्चएंडला त्याच्यावर तिसरा. आधीचा फोडत कोणीच नाही, वरच ओततात. बाबा म्हणतात, "पहिले तीन पायऱ्या उतरून रोडवर जात होतो, आता दोन पायऱ्या उतरून घरात येतो."

नालीही रस्त्याबरोबर वर गेली. आमच्या मोरीचं तोंड आता नालीच्या काठापेक्षा वीतभर खाली आहे, त्यामुळे आंघोळीचं नि भांड्यांचं पाणी बाहेर जातच नाही. आई सकाळ-संध्याकाळ बादलीने उपसून नालीत टाकते. गेल्या जुलैत एका रात्रीत चुलीपर्यंत पाणी आलं. गव्हाची कोठी आधी दोन विटांवर होती, आता चारवर आहे. ही एका घरची गोष्ट नाही, उताराकडची वीस-बावीस घरं अशीच आहेत.

नगरपंचायतीत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुमच्याच वस्तीसाठी पैसा आणला नि तुम्हीच तक्रार करता?" खरं सांगतो, यावर बोलायला काही सुचलं नाही. माणूस गप्पच होतो अशा वेळी.

कामाचा फलक लागला होता. चार महिन्यांत तो पडला आणि आता शेजारच्या काकूंच्या बकऱ्यांच्या कोठ्याला दार म्हणून उलटा लावलाय. मान वाकडी करून वाचला तेव्हा योजनेचं नाव कळलं : नागरी दलित वस्ती सुधार योजना. खाली अंदाजपत्रकीय किंमत आहे, पण नेमक्या आकड्यांवर बिजागरी ठोकलीय.

माझे प्रश्न :

जुना रस्ता न फोडता वर नवा ओतणं नियमात बसतं का? नसेल तर तक्रार नगरपंचायतीत, कलेक्टर ऑफिसला की समाज कल्याणला? आणि आता काही दुरुस्त होऊ शकतं का, की घरंच वर घ्यायची? चुलत भाऊ म्हणतो घरकुल घे नि जोतं चार फूट उचल. पण घर अजून आजोबांच्या नावावर आहे, वारस तिघं, त्यातले एक काका सुरतला. कागद म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा आणि आताच्या कराच्या पावत्या, बस्स.

ठेचा_भाकर

भाऊ, आमच्याकडेही हेच. ग्रामपंचायतीला लोकसंख्येनुसार पैसा ठरलेला असतो. २०११ च्या शासन निर्णयात ५१ ते १०० लोकसंख्येच्या वस्तीला ८ लाख, ३०० च्या वर २० लाख अशी मर्यादा होती. तुमच्या वस्तीचा पाच वर्षांचा आराखडा पंचायत समितीत असेल, तो मागा. ग्रामसभेत विषय घ्या.

कवेलू

दादा, धन्यवाद, पण तुम्ही सांगता ते ग्रामीणचं, जिल्हा परिषदेच्या समाज कल्याणचं. आमच्याकडे आता ग्रामसभाच नाही. तीच तर गंमत आहे. आधी वर्षातून चार वेळा उभं राहून ओरडता तरी येत होतं. आता सभा नगरसेवकांची, आम्ही बाहेर.

अनुशेष_३७१

मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांची विकासातली तूट, मोजून दिला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मधल्या काळात केळकर समिती झाली. विदर्भाचा पैसा विदर्भात येईल तोवर तुमच्या गल्लीचं काही खरं नाही. वेगळं राज्य हाच

कवेलू

दादा, तुमचा प्रतिसाद अर्धवट आलाय बहुतेक. अनुशेष मान्य, पण तो मोजला प्रदेशाचा नि जिल्ह्याचा. आमच्या गल्लीत पैसा तीनदा आला, प्रत्येक वेळी सहा इंच जाडीचा. त्याबद्दल काही असेल तर सांगा ना.

मोजमाप_पुस्तिका

मी बांधकामात शाखा अभियंता होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कवेलूभाऊ, तुमचा पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. बाकीच्यांनीही वाचा, कारण ही चूक विदर्भातल्या निम्म्या गावांत दिसेल.

वस्तीतला रस्ता करताना शेवटची पातळी घरांच्या जोत्याखाली राहिली पाहिजे, हे शिकवायची गोष्टच नाही. तसं व्हायचं तर जुनं काँक्रीट तोडायचं, मलबा उचलायचा, खोदायचं, मग नवीन थर. पण हे काम किचकट. अरुंद गल्लीत मशीन शिरत नाही, मलबा टाकायला जागा नसते आणि ३१ मार्चच्या आत बिल काढायचं असतं. म्हणून वरच ओततात. वरून दिसायला चकाचक, लांबी-रुंदी मोजायला सोपी.

आता नीट लक्ष द्या. इथे दोन वेगळ्या शक्यता आहेत आणि तक्रार त्याप्रमाणे बदलते.

एक, अंदाजपत्रकातच तोडणं नि खोदकाम धरलेलं नाही. मग चूक अंदाजपत्रक करणाऱ्याची आणि त्याला तांत्रिक मान्यता देणाऱ्याची. ठेकेदार म्हणेल, मला सांगितलं तेवढं मी केलं. आणि त्याचं खरं असेल.

दोन, अंदाजपत्रकात ते धरलंय, मोजमाप पुस्तिकेत म्हणजे एमबीत नोंदवलंय, पैसेही दिलेत, पण प्रत्यक्षात कुदळ लागलीच नाही. मग तो सरळ न झालेल्या कामाचा पैसा आहे. वसुली निघते, सही करणाऱ्यांवर जबाबदारी येते. अशी तक्रार कोणी सहज बाजूला टाकू शकत नाही.

म्हणून आधी तक्रार करूच नका. आधी कागद पाहा. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी, शेवटचं देयक आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल. शिवाय दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो आणि ठेकेदाराची सुरक्षा ठेव परत गेली का, हे नक्की पाहा. ठेव अजून अडकलेली असेल तर तुमचं पारडं जड.

कुठे जायचं? नगरपंचायतीचा ठराव, त्यावरून प्रस्ताव कलेक्टर ऑफिसच्या नगरविकास शाखेत, प्रशासकीय मान्यता तिथून, पैसा जिल्हा वार्षिक योजनेच्या अनुसूचित जाती उपयोजनेतून. त्यामुळे कागद दोन ठिकाणी असतात. नगरपंचायतीतला हरवला तरी वरचा सापडतो.

निळी_शाई

कवेलूदादा, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना एक काळजी घ्या. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांत अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा असावा असं आहे. लोक रागाच्या भरात तीन पानं लिहितात नि अर्ज तेवढ्यावरच फेटाळला जातो. रस्त्याबद्दल एक अर्ज, नालीबद्दल दुसरा. प्रत्येकावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर तेही नको. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

"का केलं, कोण जबाबदार" असले प्रश्न विचारू नका. "अमुक कामाच्या एमबीची साक्षांकित प्रत द्यावी", एवढंच. माहिती मागा, खुलासा नको.

आणि अर्जाआधी एक सोपा उपाय. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. निर्णयाची प्रत सोबत ठेवा, बऱ्याच टेबलांवर तो माहीत नसतो. मी दोनदा गेले, दोनदा आधी प्रत दाखवावी लागली.

घरकुलाचं : शहरी प्रधानमंत्री आवासमध्ये स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळतात, दीड केंद्राचे नि एक राज्याचा. अनुसूचित जातीसाठी रमाई आवास शहरीही आहे, तिथेही अडीच लाख. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. पण जागेची मालकी दाखवावी लागते आणि घोडं तिथेच अडतं. कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. २०२० मध्ये स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली, घरोघरी मालमत्ता पत्रक मिळू लागलं, पण ते ग्रामपंचायतींच्या गावांना. तुम्ही २०१५ लाच नगरपंचायत झालात, म्हणून त्या यादीतून सुटलात. आधी भूमी अभिलेखमध्ये विचारा, गावाचं नगर भूमापन झालंय का. झालं असेल तर आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, आजोबांचं नाव मिळेल, मग वारस नोंद. सुरतच्या काकांचं संमतीपत्र आताच घेऊन ठेवा. दिवाळीला येतील तेव्हा घेऊ म्हणून ठेवाल तर राहूनच जाईल, घरचा अनुभव आहे.

ठेचा_भाकर

एक शंका. खासदार निधीतून नाली खोल करून नाही का मिळणार? त्यात १५ टक्के अनुसूचित जातीच्या वस्त्यांसाठी असतात ना?

मोजमाप_पुस्तिका

असतात. वर्षाला ५ कोटींपैकी १५ टक्के अनुसूचित जातींच्या, साडेसात टक्के जमातींच्या वस्तीसाठी. पण वरचा हिशेब न पाहता नवीन पैसा आणाल तर चौथा थर ओतून घ्याल.

कवेलू

धागा वर काढतोय. तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. सोयाबीन काढायची होती.

निळी शाई ताई, तुमचं ऐकून सोमवारी जिल्ह्याला गेलो. पहिल्या सोमवारी "साहेब मीटिंगमध्ये", दुसऱ्या सोमवारी फाईल मिळाली. निर्णयाची प्रत दाखवावी लागलीच. मोबाईलने फोटो काढू दिले.

मोजमाप काकाजी, दुसरी शक्यता निघाली. अंदाजपत्रकात "जुने काँक्रीट तोडून मलबा वाहून नेणे" अशी बाब आहे. एमबीत ती मोजलेली आहे : लांबी १४० मीटर, रुंदी ३ मीटर, खोली ०.१५ मीटर, एकूण ६३ घनमीटर. देयकातही आहे.

घरी येऊन हिशेब केला. ६३ घनमीटर म्हणजे २२ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). म्हणजे आमच्या पुऱ्यातून बावीसेक ट्रॉल्या मलबा निघाला असं कागद म्हणतो. आईला सांगितलं तर ती बादली खाली ठेवून म्हणाली, "बावीस ट्रॉल्या? बाप्पा! एक जरी निघाली असती त म्या आंगणात टाकून नसती घेतली काय?"

आता पुढे काय करू?

मोजमाप_पुस्तिका

आता तक्रार करा, आणि एका पानाची. मुख्याधिकाऱ्यांना मूळ प्रत, जिल्हाधिकारी नि सहायक आयुक्त समाज कल्याण यांना प्रती. "रस्ता खराब आहे", "अन्याय झाला" हे शब्द नको. एवढंच लिहा की एमबीतली ही बाब प्रत्यक्ष झालेली नाही, कोअर काढून तपासणी करावी, तोवर सुरक्षा ठेव परत करू नये.

कोअर म्हणजे मशीनने रस्त्यात गोल भोक पाडून काँक्रीटचा दंडगोल बाहेर काढतात. जुनं तोडलं असेल तर खाली खडी-मुरूम दिसेल. तोडलं नसेल तर एकावर एक तिन्ही थर दिसतील, केकसारखे. त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करून घ्या अशी मागणी करा. जागा तुमच्यासमोर ठरवावी आणि पंचनामा व्हावा, हेही लिहा. नाहीतर नेमकी अशी जागा निवडतील जिथे खाली जुना रस्ताच नव्हता.

वस्तीतल्या पंधरा-वीस जणांच्या सह्या घ्या. एकट्याचं नाव ठेवू नका, लहान गावात त्रास होतो.

कवेलू

सह्या सव्वीस झाल्या. वस्तीतले दोघं आधी नाही म्हणत होते, एकाचा पोरगा त्याच ठेकेदाराकडे ट्रॅक्टरवर आहे. तो बाप शेवटी सहीला नाहीच आला, त्याचं मी समजू शकतो.

आज अर्ज दिला. आवक शिक्का मारून पोच घेतली, दोन प्रती रजिस्टरने जिल्ह्याला टाकल्या. मोरीसाठी तात्पुरतं म्हणून अंगणात शोषखड्डा खणायला घेतलाय, पण हात-दीड हातावरच पाणी लागलं. नाला जवळ आहे ना. कोणाकडे यावर उपाय असेल तर सांगा.

फलकही पुरावा म्हणून मागायला गेलो होतो. काकू म्हणाल्या, "फोटो काढून ने. दार नाही देत, रात्री कुत्रे येतात." बिजागरीचे दोन स्क्रू तेवढे ढिले करू दिले. खालचे आकडे आता वाचता येतात.