मदत हवी आहे : लिंबाची रोपं चार पानांवर येऊन आडवी होतात

नमस्कार मंडळी,

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीच्या ग्रिलमध्ये सकाळी दहापर्यंत ऊन, मग दिवसभर नुसता उजेड. गुडघ्यांमुळे आईचं खाली उतरणं मार्चपासून बंद आहे. तिचा वेळ बरा जावा म्हणून स्वयंपाकघरात जे असतं त्यातूनच झाडं लावायला घेतली.

बाकीचं जमलं. मेथी तिसऱ्या दिवशी वर आली. धणे आधी अख्खेच पेरले होते, ते उगवलेच नाहीत. मग आईने लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग केले, रात्रभर भिजवले, तेव्हा दहाव्या दिवशी हिरवं दिसलं. जुडीतल्या पुदिन्याच्या काड्यांना पाण्यात आठवड्याभरात मुळं फुटली. अर्धं पाण्यात बुडवलेल्या रताळ्याचा वेल तर ग्रिलभर पसरलाय.

अडलंय लिंबापाशी. सरबताच्या कागदी लिंबाच्या ताज्या बिया धुऊन वरचं पांढरं साल नखाने सोललं आणि ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवल्या. दहा-बारा दिवसांत मोड आले, काही बियांतून तर दोन-दोन! श्रीखंडाच्या डब्यांना खाली भोकं पाडून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत अर्धं-अर्धं भरून लावली. चार पानं येईपर्यंत सुरेख. जुलैत पावसाने झड धरली आणि रोज एखादं रोप आडवं व्हायला लागलं. पानं हिरवीच, पण खोड मातीलगत काळपट आणि दोऱ्यासारखं बारीक. वर पांढरी बुरशी, बारीक काळ्या माश्या. बारातली पाच उरलीत.

हा बुरशीमुळे होणारा रोपं कोलमडण्याचा रोगच असावा. कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि मी उन्हाळ्यातल्या सवयीने रोज पाणी घालत होते. आता बोटाने माती चाचपून, कोरडी लागली तरच घालते.

उरलेली पाच आत्ताच रेतीमिश्रित मातीत हलवू, की मुळं दुखावून तीही जातील? एवढ्याशा डब्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) किती घालायचा? शेणखत जास्त झालं असेल का?

फळाची घाई नाही, बियांच्या लिंबाला कैक वर्षं लागतात हे माहीत आहे. आई रोज सकाळी एक पान बोटांत हलकेच चोळून वास घेते. तेवढ्यासाठी ही पाच जगवायची आहेत.

फोटो संध्याकाळी टाकते.