दिल्लीची जुनी कॅमरी हायब्रिड इंदूरला आणावी का?

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. राहायला इंदूरच्या राजेंद्र नगरात, दुकान सियागंजात. दुकानात रोज स्कूटरनेच जातो, तिथे चारचाकी लावायची सोय नाही. दारात एक जुनी हॅचबॅक आहे. मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यापासून सेंधवा-धुळे मार्गे जाणं-येणं वाढलंय आणि सौ.ची पाठ मालेगाव यायच्या आत बोलायला लागते.

दिल्लीत टोयोटाची एक २०१५ची कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असलेली) बघून आलो. पहिलाच मालक, ८४,००० किमी, साडेदहा लाख मागतोय. सौ. मागच्या सीटवर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे पसंत आहे. पण मेहुण्यांनी डोक्यात भुंगा सोडलाय: बॅटरी गेली की गाडी भंगार, शिवाय दिल्लीत दहा वर्षांवरच्या गाड्या बाद होतात म्हणूनच तो विकतोय. आणि इंदूरला या गाडीला हात लावणारा मेकॅनिक आहे तरी का? कुणी वापरत असेल तर खरं काय ते सांगा.

एमपी०९वाला

भिया, साडेदहात नवी कोरी छोटी एसयूव्ही येते, वॉरंटीसकट. मोठ्या घरची गाडी जुनी झाली की स्वस्तात मिळते, पण पार्ट नव्याच्याच भावात येतात. एक हेडलाइट फुटू द्या, मग कळेल. बाकी वहिनींना पसंत असेल तर आम्ही कोण बोलणार!

पलासियाचे काका

मेहुण्यांचं ऐकू नका आणि वरच्या भियांचं निम्मं ऐका (हेडलाइटचं खरं आहे). माझ्याकडे २०१६ची हीच गाडी आहे, मीही सेकंडहँडच घेतली. उभी नोकरी वीज मंडळात गेली, त्यामुळे बॅटरीचा विषय निघाला की मला राहवत नाही. जरा लांबण लागेल.

दिल्लीचं आधी उरकतो. दहा वर्षांचा नियम डिझेलला आहे, पेट्रोलला पंधरा, आणि ही गाडी पेट्रोलमध्येच मोडते. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) म्हणजे फॉर्म २८, मग गाडी नावावर करायला २९ आणि ३०. बारा महिन्यांवर इथे ठेवायची तर एमपीचा नंबर घ्यावाच लागतो आणि त्यासोबत इथला रोड टॅक्स. तो आकडा आरटीओतून काढून आणल्याशिवाय बयाणा देऊ नका. एखादा एजंट ग्वाल्हेरच्या मेळ्यातल्या निम्म्या टॅक्सची गोष्ट सांगेल. ती सूट मेळ्यात घेतलेल्या नव्या गाड्यांची आहे, तुम्हाला तिचा उपयोग नाही.

आता बॅटरी. गाडीत दोन आहेत. मोठी निकेल-मेटल हायड्राइडची, ३४ मॉड्यूल (सुटे डबे), सगळी मिळून २४४.८ व्होल्ट. घाबरतात सगळे हिलाच. पण गाडी तिला कधी काठोकाठ भरू देत नाही आणि तळ गाठू देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. तिला मारते ती उष्णता. तिला गार ठेवणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो आणि त्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. जागा मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलात बघा. मी गाडी घेतल्यावर ती जाळी काढली तर आत बोटभर जाड थर: आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे पांढरे केस, सीटकव्हरचा भुसा आणि त्यात रुतलेली एक गुलाबी बडीशेपेची गोळी. व्हॅक्यूम आणि मऊ ब्रशने साफ केलं, आणि उन्हाळ्यात मागून येणारा पंख्याचा घोंगाट बंद झाला. कुत्रा नसला तरी आपल्याकडची धूळ पुरेशी आहे. दर सर्व्हिसला जाळी उघडायला लावा, उभं राहून.

घ्यायच्या आधी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावणारा माणूस सोबत न्या. ३४ मॉड्यूल संगणकाला जोडीजोडीने, १७ ब्लॉक म्हणून दिसतात. गाडीला जोर द्यायचा, ब्रेक लावायचा, परत जोर द्यायचा, आणि सतरा आकडे एकत्र खाली-वर होतात का ते बघायचं. एखादा एकटाच घसरत असेल तर गाडी सोडून द्या. पी०ए८० हा कोड म्हणजे बॅटरी बदला. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसून ठेवणारे महाभाग आहेत, म्हणून स्कॅन लांब फेरी मारून आल्यावर करायचा. कुणी म्हणेल, दोन खराब मॉड्यूल बदलून देतो. मग जुन्यांत नवी बसत नाहीत, पुढच्या वर्षी तिसरं जातं. हप्त्याहप्त्याने मरण.

पण तुमच्या पोस्टमध्ये मला खटकली ती स्कूटर. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार. दुसरी बॅटरी १२ व्होल्टची, डिकीत, साध्या गाडीसारखीच. कुलपं, संगणक, रिले सगळं तिच्यावर. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, होत नाही. डिकीसुद्धा बटणाने उघडत नाही, चावीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढावी लागते. जम्पसाठी बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये वेगळं टोक दिलंय. बदलताना तिच्याच जातीची, वायू बाहेर नेणाऱ्या नळीची एजीएम प्रकारची बॅटरी घ्या. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी विकणारा स्वस्तातली बसवून देईल, ती केबिनशी जोडलेल्या डिकीत नको. मोठीलाही दोन-तीन महिन्यांत किमान अर्धा तास चालवणं हवंच, कारण घरी चार्ज करायची सोयच नाही. नुसता एसी-गाणी लावून बसायचं तर ‘रेडी’चा दिवा लागलाय ना ते बघा, नाहीतर छोटी उतरते. शिवाय उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर येतात आणि मोठ्या बॅटरीची केशरी वायर कुरतडली तर तुमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन हात लावणार नाही. लावू देऊही नका.

मेकॅनिकचं म्हणाल तर यात स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, फॅनबेल्टही नाही, तेव्हा मोडायला साध्या गाडीपेक्षा कमीच आहे. ऑइल, फिल्टर कुणीही बदलेल. गाडीतल्या इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा) कूलंट वेगळा, टाकीही वेगळी, त्यात कंपनीचाच गुलाबी घाला. ब्रेक ऑइल मात्र स्कॅनरशिवाय बदलू देऊ नका. एका गॅरेजवाल्याने माझ्यासमोर पेडल पंप करून हवा काढायला घेतली होती, मी चावी घेऊन निघालो. ब्रेक पॅड खूप टिकतात, कारण निम्मं काम मोटर करते. पण त्यामुळेच कॅलिपरच्या पिना अडकतात, त्या वर्षातून एकदा काढून ग्रीस करा.

सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरताना बॅटरी अर्ध्यातच भरेल आणि मोटरचा ब्रेक कमी होईल. गिअरचा लिव्हर ‘बी’वर घ्या, म्हणजे इंजिन गाडीला आवरतं. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. वहिनींना आधी सांगून ठेवा.

मायलेज: कागदावर लिटरला १९.१६ किमी, मला शहरात १५-१६. पलासियाच्या गर्दीत ही गाडी खूष असते. म्हणून म्हणतो, हिला रोज काढणार असाल तर घ्या. स्कूटरच चालवायची असेल तर साडेदहा लाखांची वस्तू पोर्चमध्ये उन्हात ठेवू नका.

अलकापुरीकर

काकांनी सगळं सांगितलं, बडोद्याहून एकच जोडतो: पाणी. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या धुऊन-पुसून कुठे गेल्या, देव जाणे. दिल्लीतही २०२३च्या जुलैत यमुना चढली होती. त्यामुळे विम्याचा क्लेमचा इतिहास काढा, डिकीतला गालिचा उचला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून वास घ्या. सीट ज्यांवर सरकते त्या लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले असतील तर तिथूनच परत फिरा. माझी २०१९ची लेक्सस ईएस ३००एच, तीही हायब्रिडच. तिच्यात मोठी बॅटरी मागच्या सीटखाली, म्हणजे गुडघाभर पाण्यातच खेळ खलास. तुम्ही बघताय त्या कॅमरीत ती सीटमागे थोडी वर आहे, तरी बघाच.

आणि ८ वर्षं, १,६०,००० किमीची बॅटरी वॉरंटी ऑगस्ट २०२१ पासूनच्या गाड्यांची. २०१५च्या गाडीला विकणारा ती सांगत असेल तर बाकीचंही तपासून घ्या.

राजेंद्रनगरकर

काका, स्कूटरचं अगदी वर्मावर बोट ठेवलंत. सौ. रोज सकाळी अन्नपूर्णेच्या देवळात रिक्षाने जातात, आणि शाळेत शिकवायलाही. त्या म्हणतायत, मीच चालवीन. त्यांना लायसन्स आहे आणि माझ्यापेक्षा बरी चालवतात. मग प्रश्नच मिटला. या रविवारी स्कॅनरवाल्याला घेऊन परत दिल्लीला जातोय. एकच शंका: मागच्या वेळी ड्रायव्हरचं दार उघडलं की पुढून ‘घूं’ असा आवाज आला. विकणारा म्हणाला, नॉर्मल आहे. आहे का?

पलासियाचे काका

दार उघडल्यावर काही सेकंद ‘घूं’ होऊन थांबला तर नॉर्मल, ब्रेकचा पंप दाब भरून ठेवतो. गाडी ‘रेडी’ करा, पाय ब्रेकवरून काढा, एसीचा पंखा बंद करा आणि पाच मिनिटं गप्प बसा. ब्रेक न दाबताच तो थोड्या-थोड्या सेकंदांनी परत वाजत राहिला तर ब्रेकचा ॲक्च्युएटर (ब्रेकला दाब देणारा भाग) आतून गळतोय. तो खर्च लाखाच्या घरात जातो, भाव त्या हिशोबाने पाडा किंवा उठा. वहिनींनाच ऐकायला बसवा, तुम्ही तेवढ्यात विकणाऱ्याला बोलण्यात गुंतवा.